पुरात तगणारे भात आणि सखल रानाचा धनी

दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात एक बातमी हमखास असते. अमुक जिल्ह्यात नदीला पूर आला, इतके हेक्टर पीक पाण्याखाली गेले. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. पण ते बुडालेले शेत कोणाचे होते? गावातली सगळीच शेते बुडाली, की खालच्या अंगाचीच बुडाली? आणि पाण्याखाली गेलेल्या पिकाचे पुढे नेमके काय होते?

पहिले दोन प्रश्न समाजाचे आहेत, तिसरा विज्ञानाचा आहे. ओडिशाच्या भातशेतीत हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून आज तिकडची हकीकत सांगायची आहे. सुरुवात विज्ञानापासून करू.

जागचे न हलता जगायचे

भात, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका आणि ऊस ही सारी पिके गवताच्या कुळातली आहेत. आपल्या ताटातली भाकरी, पोळी आणि भात म्हणजे शेवटी गवताचे दाणेच. जनावराला तहान लागली तर ते ओढ्यावर जाते, ऊन लागले तर झाडाखाली बसते. गवताला तशी सोय नाही. जिथे बी पडले तिथेच ऊन, दुष्काळ, खारे पाणी आणि पूर सोसायचा. हे सोसण्याची जी तयारी रोपाच्या अंगात असते, तिची माहिती जनुकांमध्ये साठवलेली असते.

जनुक म्हणजे काय? घरात पदार्थांच्या कृती लिहिलेली वही असते, तशी प्रत्येक जिवंत पेशीत एक वही असते असे समजा. त्या वहीतली एकेक कृती म्हणजे एकेक जनुक. त्या कृतीप्रमाणे पेशी वेगवेगळी प्रथिने तयार करते आणि त्या प्रथिनांवर रोपाचा सारा कारभार चालतो. ही वही गुणसूत्रांच्या रूपात असते. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, भाताच्या पेशीत १२.

वहीत कृती पुष्कळ असल्या तरी रोज सगळे पदार्थ घरात होत नाहीत. पाहुणे आले की एक कृती काढतो, कोणी आजारी पडले की दुसरी. जनुकांचेही तसेच आहे. काही जनुके नेहमी कामात असतात, काही संकट आले की जागी होतात. आणि काही जनुकांचे काम घरातल्या कर्त्या बाईसारखे असते. ती स्वतः सगळे रांधत नाही, पण आज काय शिजेल आणि किती शिजेल हे ठरवते. आपली आजची गोष्ट अशाच एका कर्त्या जनुकाची आहे.

पाण्यातले पीक पाण्यातच का मरते?

भाताला पाणी लागते हे खरे, पण ते पायाशी. डोक्यावरून पाणी गेले की भातही गुदमरते. पाण्यातून वायू फार हळू सरकतात. हवेच्या मानाने पाण्यात प्राणवायूचा प्रसार सुमारे दहा हजार पट मंद असतो. त्यातून पुराचे पाणी गढूळ, त्यामुळे ऊनही पानापर्यंत पोचत नाही. म्हणजे श्वास कोंडला आणि अन्न तयार करण्याचे कामही बंद पडले.

अशा वेळी रोपात इथिलीन नावाचा वायू साठू लागतो. हा वायू आपल्या घरातही असतो. कैऱ्या गवतात दाबून अढी घातली की आंबे लवकर पिकतात ते याच वायूमुळे. फळातून निघालेला इथिलीन अढीत कोंडून राहतो आणि फळांना पिकण्याचा इशारा देतो. झाडाच्या अंगात तो निरोप्याचे काम करतो. रोप हवेत उभे असताना तो सहज बाहेर पडून जातो. रोप पाण्याखाली गेले की त्याला बाहेर पडता येत नाही. तो साठला म्हणजे आपण बुडालो, असा निरोप पेशींना मिळतो.

हा निरोप मिळाल्यावर साधारण भात घाईने उंच वाढू लागते. पाण्याच्या वर पान काढायचे आणि श्वास घ्यायचा, असा हा प्रयत्न असतो. पण उंच वाढायला साखर लागते आणि नवी साखर तयार होणे तर थांबलेले असते. मग खोडात साठवलेले पिष्ट मोडून खर्च केले जाते. पाणी चार दिवसांत ओसरले तर निभते. ते आठ-दहा दिवस राहिले तर साठा संपतो. पुढे पाणी उतरले तरी लांबलचक आणि पोकळ झालेले रोप चिखलात आडवे पडते आणि कुजते.

शेतकऱ्याच्या घरी याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. बियाणे गेले, खत गेले, नांगरणीचे पैसे गेले. बायाबापड्यांनी कमरेत वाकून केलेली लावणी गेली. पुन्हा रोप मिळाले तर पुन्हा लावणी, नाही मिळाले तर वर्ष वाया.

धलपुटियाची शिकवण

ओडिशातल्या पूरग्रस्त भागातल्या शेतकऱ्यांकडे फार पूर्वीपासून 'धलपुटिया' नावाचे एक गावरान भात होते. त्याचे उत्पन्न बेताचे आणि दाणाही बाजारात भाव मिळेल असा नाही. पण एक गुण मोठा होता. पूर्ण बुडून पंधरवडा गेला तरी पाणी ओसरल्यावर ते पुन्हा पालवायचे. ज्यांच्या शेतात दरसाल पाणी भरते, त्यांना हा गुण उत्पन्नापेक्षा मोलाचा होता. म्हणून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते बी राखले.

या भातातून शास्त्रज्ञांनी एक वाण निवडला. त्याचे नाव एफआर १३ ए. यातला एफआर म्हणजे पुराला दाद न देणारा. वाणाला क्रमांक मिळाला आणि तो जगभरच्या संशोधन केंद्रांत गेला. ज्या हातांनी ते बी राखले त्यांची नावे मात्र त्या क्रमांकात कोठे नाहीत.

पुढे अनेक वर्षे या वाणाचा चांगल्या उत्पन्नाच्या भाताशी संकर करण्याचे प्रयत्न झाले. अडचण अशी की पुरात तगण्याच्या गुणाबरोबर कमी उत्पन्न आणि हलका दाणा हेही येत. शेतकरी ते भात पत्करीत नसत. त्या गुणामागे नेमके कोणते जनुक आहे हे कळल्याखेरीज पुढे जाणे अवघड होते.

१९९६ साली केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल या शास्त्रज्ञांनी हा गुण भाताच्या नवव्या गुणसूत्रावरच्या एका लहानशा भागात असल्याचे दाखवले. त्या भागाला 'सब-१' असे नाव मिळाले. सब म्हणजे बुडणे या अर्थाच्या शब्दाचे लघुरूप. त्यानंतर दहा वर्षांनी, २००६ मध्ये, पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस आणि मॅकिल यांच्या सहकाऱ्यांनी त्या भागातले नेमके जनुक शोधून काढले. त्याचे नाव 'सब-१ए'.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भाताची जनुकांची संपूर्ण वही २००५ साली वाचून पूर्ण झाली होती. ती 'निप्पोनबारे' या जपानी वाणाची होती. त्या वहीत सब-१ए हे पानच नाही. जगाने प्रमाण मानलेल्या वाणात जे नव्हते, ते ओडिशाच्या गावरान भातात जपलेले होते.

हात राखून खर्च

सब-१ए करते तरी काय? इथिलीन साठला की हे जनुक जागे होते आणि बाकीच्या कारभाराला आवर घालते. उंच वाढण्यासाठी जे जिबरेलिन नावाचे संप्रेरक लागते, त्याचा परिणाम ते रोखते. वाढ थांबते. पिष्ट मोडण्याचा वेग मंदावतो. रोप पाण्याखाली जवळजवळ निजून राहते आणि साठा पुरवून पुरवून वापरते.

मजुरी बंद पडलेल्या महिन्यात घरची माउली जसे पीठ मोजून मळते, तसाच हा प्रकार आहे. डब्यात आहे तेवढ्यात पुढचा पगार होईपर्यंत निभवायचे. पाणी ओसरले की राहिलेल्या साखरेवर नवे पान फुटते आणि रोप पुन्हा उभे राहते. पाण्यातून एकदम उन्हात आल्यावर पेशींना जी इजा होते, ती सोसण्यासही हे जनुक मदत करते, असे पुढच्या संशोधनात दिसून आले आहे.

मग उंच वाढणे नेहमीच चुकीचे का? तसेही नाही. काही प्रदेशांत पुराचे पाणी दोन आठवडे नव्हे तर दोन-तीन महिने शेतात राहते. तिथे निजून राहणारे रोप मरेल. अशा ठिकाणी खोल पाण्याचे भात पिकवतात. पाणी चढेल तसे तेही चढते, दिवसाला वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत. त्यामागची दोन जनुके जपानमधील नागोया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये शोधली. पाण्याखाली पोहणारे लोक श्वास घ्यायला जी नळी तोंडात धरतात तिला स्नॉर्केल म्हणतात. त्यावरून या जनुकांना 'स्नॉर्केल-१' आणि 'स्नॉर्केल-२' ही नावे दिली गेली. नवल म्हणजे ही दोन जनुके आणि सब-१ए एकाच घराण्यातली आहेत. निरोप एकच, इथिलीनचा. पण एक सांगते थांब, दुसरे सांगते वाढ. कोणाचे ऐकायचे ते पुराच्या मुदतीवर अवलंबून आहे.

आपली ज्वारी आणि खारे रान

जपून खर्च करण्याची ही रीत पुरापुरती नाही. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव भागातली रब्बी ज्वारी पाहा. पावसाळा संपल्यावर ती पेरतात आणि काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती वाढते. त्या ओलीत पोटरीपासून दाणा भरेपर्यंत निभले पाहिजे. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेला 'मालदांडी ३५-१' हा वाण म्हणूनच इतकी वर्षे टिकून आहे.

ज्वारीचे मूळ घर आफ्रिकेच्या ईशान्य भागात. तिथल्या इथिओपियाच्या काही ज्वारीत दाणा भरताना दुष्काळ पडला तरी पाने हिरवी राहतात. शास्त्रज्ञांनी या गुणामागचे गुणसूत्रांवरचे चार मुख्य भाग शोधले आहेत. या भागांमुळे रोपाला फुटवे कमी येतात आणि पानांचा पसारा आवरता राहतो. फुलोऱ्याच्या आधी पाणी कमी खर्च होते आणि वाचलेली ओल दाणा भरताना कामी येते.

खाऱ्या जमिनीत संकट वेगळे असते. मिठातील सोडियम मुळांवाटे वर चढून पाने जाळतो. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी बंगालच्या 'नोना बोक्रा' या गावरान भातातले एक जनुक ओळखले. त्यापासून होणारे प्रथिन वर चढणाऱ्या रसातून सोडियम काढून घेते आणि पानांपर्यंत कमी मीठ पोचते. गोव्याच्या खाजन शेतीतील कोरगुट भातही खारे पाणी सोसणारे म्हणून प्रसिद्ध आहे. कोकणातल्या खार जमिनींसाठी पनवेलच्या संशोधन केंद्राने खास वाण दिले आहेत.

या सगळ्यात एक सूत्र दिसते. कठीण दिवसांना उपयोगी पडणारे जनुक बहुधा कठीण जागी शेती करणाऱ्या गरीब शेतकऱ्यांच्या गावरान बियाण्यात सापडले. ज्या बियाण्याला मागासलेले म्हणून बाजूला सारले, त्यातच विज्ञानाला ठेवा मिळाला.

जुन्या लुगड्याला नवा काठ

आता पुन्हा ओडिशाच्या भाताकडे येऊ. जनुक सापडले, पण शेतकऱ्याच्या हाती बी कसे आले?

पूर्व भारतात 'स्वर्णा' हे भात फार लोकप्रिय आहे. आंध्र प्रदेशातील मारुतेरू येथील संशोधन केंद्राने ते दिले. उत्पन्न चांगले आणि लोकांच्या चवीचे. दोष एवढाच की पुरात टिकत नाही. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत स्वर्णाचा संकर सब-१ असलेल्या भाताशी केला गेला. आलेल्या रोपांचा पुन्हा स्वर्णाशीच संकर, आणि पुन्हा एकदा. दर खेपेला रोपाच्या पानाचा लहान तुकडा तपासून सब-१ कोणात उतरले आहे ते पाहायचे आणि तेवढीच रोपे पुढे न्यायची. शेवटी जे भात हाती आले ते जवळजवळ सर्वस्वी स्वर्णाच होते, फक्त सब-१ चा लहानसा भाग त्यात नवा होता. आवडत्या लुगड्याचा पोत तोच ठेवून त्याला मजबूत काठ लावावा, तसे हे काम झाले.

या भातात परक्या जीवाचे जनुक घातलेले नाही. भाताचे भाताशीच लग्न लावले आहे. 'स्वर्णा सब-१' या नावाने २००९ मध्ये ते भारतात प्रसारित झाले. पुढे सांबा मसुरी, बांगलादेशातील बीआर ११ अशा इतर वाणांतही सब-१ आणले गेले. पूर आला नाही तर स्वर्णा सब-१ चे उत्पन्न साध्या स्वर्णाइतकेच येते. आणखी एक गोष्ट गरिबाच्या दृष्टीने महत्त्वाची. हे संकरित बियाणे नसून सरळ वाण आहे. घरचे चांगले दाणे राखून पुढच्या साली पेरता येतात. दरवर्षी दुकानात जावे लागत नाही. पिकातले बी राखण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने दिलेला आहे. जुने वाण जपणाऱ्या शेतकरी समूहांचा मान आणि लाभातला वाटा यांचीही तरतूद त्याच कायद्यात आहे.

पाणी कोणाच्या रानात साचते?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. २०११ च्या पावसाळ्यात ओडिशात मोठा पूर आला. त्या वर्षी काही अर्थशास्त्रज्ञांनी आणि भात संशोधकांनी राज्यातल्या १२८ गावांत पाहणी केली. त्यांतल्या निम्म्या गावांत काही शेतकऱ्यांना स्वर्णा सब-१ चे थोडे बियाणे दिले होते. उरलेल्या गावांत दिले नव्हते. गावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती, म्हणजे तुलना निर्मळ राहावी. २०१३ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. शेत दहा दिवस बुडाले असता स्वर्णा सब-१ चे उत्पन्न साध्या स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त भरले.

याच पाहणीत दुसरी गोष्ट उघड झाली, आणि आपल्यासाठी ती जास्त मोलाची आहे. कोणाचे शेत कुठे आहे आणि तिथे पूर किती साचतो, हे त्यांनी तपासले. पूर साचणाऱ्या सखल जमिनी अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे तुलनेने अधिक आढळल्या. म्हणजे पाणी जात पाहून वाहत नव्हते. जात पाहून जमीन वाटली गेली होती, आणि पाणी उताराने तिथे येऊन थांबत होते.

गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसाला हे नवे वाटणार नाही. वस्ती कुठे, विहीर कुठे, रान कोणते, हे गावाने ठरवले. चांगले रान एकाकडे गेले, पाणथळ किंवा मुरमाड रान दुसऱ्याच्या वाट्याला आले. मग पीक बुडाले की त्याला दैव म्हणायचे, मागच्या जन्मीचे भोग म्हणायचे. पण प्रत्येक परिणामाला कारण असते आणि ते शोधता येते, ही आपली शिकवण आहे. ओडिशाच्या त्या पाहणीत दैव कोठे सापडले नाही. इथिलीन सापडला, साखर सापडली, आणि जमिनीची विषम वाटणी सापडली.

म्हणून या बियाण्याचा लाभ ज्यांचे रान सर्वात वाईट त्यांना सर्वात जास्त होतो. कृषी विज्ञानात असे क्वचित घडते. हरितक्रांतीची बियाणी ज्यांच्याकडे पाणी आणि पैसा होता त्यांना आधी फळली. हे बियाणे खालच्या रानातल्या माणसाला आधी फळते.

पुढचा परिणामही नोंदवलेला आहे. २०१६ साली छापलेल्या संशोधनात असे दिसले की ज्यांच्याकडे हे बियाणे आले ते शेतकरी शेतीत अधिक खर्च करू लागले. त्यांनी जास्त खत वापरले, जास्त रान लागवडीखाली आणले, बी नुसते फेकण्याऐवजी लावणी केली. भीती कमी झाली की हात मोकळा होतो. पूर येऊन सगळे नेईल या धास्तीने गरीब माणूस आपल्या शेतात पैसा घालायला कचरतो, आणि लोक त्याला आळशी म्हणतात. तो आळस नव्हता, तो हिशेब होता.

बाबासाहेब आणि ओडिशाचे पाणी

ओडिशाच्या पुराशी आपले आणखी एक नाते आहे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी ओडिशाच्या नद्यांच्या विकासासाठी कटक येथे परिषद भरली. तिच्या अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. पुराचे पाणी हे संकट समजून समुद्रात घालवण्याच्या जुन्या विचाराला त्यांनी विरोध केला. पाणी ही लोकांची संपत्ती आहे, ते धरणांत अडवून पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक अशी अनेक कामे एकत्र साधावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. महानदीवरचे हिराकूड धरण त्या विचारातून पुढे आले आणि १९५७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले.

धरणाने पुराचा जोर कमी होतो, पण त्रिभुज प्रदेशातल्या सखल रानात आजही पाणी भरते. धरण, बियाणे आणि जमिनीचा हक्क या तिन्ही गोष्टी लागतात. एकीने दुसरीचे काम भागत नाही.

'जात' हा शब्द जपून

मराठीत भाताच्या वाणालाही जात म्हणतात आणि माणसाच्या जातीलाही जात म्हणतात. या लेखात मुद्दामच वाण हा शब्द वापरला आहे. कारण जनुकांची माहिती अर्धवट ऐकून काही जण म्हणतात, पाहा, गुण रक्तातच असतात, मग जाती का नकोत? त्यांना उत्तर देता आले पाहिजे.

वाण हा माणसाने निवडून तयार केलेला असतो. एका वाणाची रोपे एकमेकांसारखीच असतात. माणसांच्या जाती तशा नाहीत. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या प्रबंधात वंशशुद्धीचा हा दावा खोडून काढला होता. जाती म्हणजे वेगवेगळे वंश नव्हेत, एकाच लोकांचे ते सामाजिक तुकडे आहेत, असे त्यांनी सांगितले. १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञाने दाखवले की माणसांतील जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहातल्या माणसांमध्येच आढळतात. आणि भाताची ही हकीकत तर उलटच शिकवते. वेगळे राखलेले स्वर्णा पुरात बुडत होते. संकर झाला तेव्हा ते तरले.

घरी करून पाहा

मुलांना हे समजावून देण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. न सडलेली साळ आणि हरभरे घ्या. तांदूळ चालणार नाही, त्याला मोड येत नाही. दोन पेल्यांत थोडे थोडे दाणे टाका. उकळून थंड केलेले पाणी चार बोटे वर येईल इतके ओता, कारण उकळल्याने पाण्यातली हवा निघून जाते. पेले झाका आणि उबदार जागी पाच-सहा दिवस ठेवा. तेच दाणे वेगळ्या ओल्या फडक्यातही बांधून ठेवा.

फडक्यातल्या हरभऱ्याला मोड येतील. पाण्यात बुडालेला हरभरा फुगेल आणि त्याला वास येऊ लागेल. साळीतून मात्र पाण्याखालीही पांढरी दांडी वर निघालेली दिसेल, मुळे मात्र मागे राहतील. प्राणवायू अत्यल्प असतानाही पिष्टाची साखर करण्याची सोय साळीच्या जनुकांत आहे. पाण्याच्या वर पोचायचे, मग मूळ धरायचे, असा तिचा क्रम आहे. मुलांना रोजची नोंद वहीत लिहायला सांगा. ज्या मुलीने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तिला जीवशास्त्राचा धडा पाठ करावा लागणार नाही.

मर्यादा आणि मागणी

सब-१ म्हणजे जादू नाही. दोन आठवड्यांच्या आसपास त्याची मर्यादा येते. पाणी महिनाभर साचून राहिले तर त्याचा उपयोग नाही. पेरल्याबरोबर किंवा फुलोऱ्यात पूर आला तरी नुकसान होते. पाणी किती गढूळ आणि किती ऊन यावरही बरेच अवलंबून असते. शिवाय ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला बियाण्याची योजना, पीक विमा आणि नुकसानभरपाई मिळवताना पहिली अडचण कागदाचीच येते. बियाण्यातले जनुक तो कागद करून देणार नाही.

पूर महाराष्ट्रालाही नवा नाही. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुराने महाड आणि चिपळूण भागात काय केले ते आपण पाहिले आहे. ज्यांची भातशेती नदीकाठी किंवा सखल रानात आहे, त्यांनी आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारावे: आमच्या भागासाठी बुडीत सोसणारा वाण शिफारशीत आहे का, आणि त्याचे बियाणे कुठे मिळेल? खार जमीन असेल तर खारे पाणी सोसणाऱ्या वाणाची चौकशी करावी. घरातल्या वडीलधाऱ्यांकडे एखादे जुने गावरान बी असेल तर ते टाकून देऊ नये. ते कोणत्या रानात यायचे, काय सोसायचे, हे वहीत लिहून ठेवावे आणि कृषी विद्यापीठाला कळवावे. नोंद राहिली तरच पुढे कोणाला मान मागता येतो.

आणि ज्यांची मुले बारावीला विज्ञान शिकत आहेत त्यांनी वैद्यकी आणि अभियांत्रिकीबरोबर कृषी शाखेचाही विचार करावा. जमिनीची खडान्‌खडा माहिती आपल्या लोकांना होती, पण प्रयोगशाळेची दारे बंद होती. आता ती उघडी आहेत. धलपुटियासारखे पुढचे भात शोधणारी मुलगी आपल्याच एखाद्या सखल रानातल्या घरातली असावी, आणि त्या शोधाबरोबर ते बी राखणाऱ्यांची नावेही तिने लिहावीत.